दोन धरणे, दोन मूर्ती

बडोद्यातील मराठी घरांत पाहुणे आले की त्यांना काय दाखवावयाचे याची एक ठरलेली यादी असे. लक्ष्मीविलास राजवाडा, सयाजीबाग व तेथील संग्रहालय, कीर्तिमंदिर आणि वेळ उरल्यास न्यायमंदिराची इमारत. २०१८ नंतर या यादीच्या अग्रभागी केवडिया, म्हणजे आजचे एकतानगर, येऊन बसले. इंदूरचे आमचे मेहुणे सहकुटुंब आले तेव्हा घरात पाऊल ठेवताच त्यांनी चौकशी केली ती सरदारांच्या पुतळ्याची. दुसऱ्या दिवशी आम्ही सर्व जण केवडियास जाऊन आलो. जाताना गाडीत उत्साह होता. परतताना वाद झाला. भाचा म्हणाला, "मामा, एवढ्या पैशांत किती शाळा आणि किती दवाखाने उभे राहिले असते?" त्यावर त्याचे वडील उत्तरले, "अरे, तिकिटांतूनच सारे वसूल होईल. शिवाय किती लोकांना रोजगार मिळाला ते पाहा." दोघांनीही माझ्याकडे निवाड्यासाठी पाहिले. आयुष्यभर सरकारी नस्तींवर अभिप्राय लिहिलेल्या माणसाने त्या वेळी मात्र गप्प राहणे पसंत केले. प्रस्तुत लेख हा त्या मौनाचा उशिरा केलेला खुलासा आहे.

लेखनास दुसरेही निमित्त आहे. आपल्या मंडळाच्या अमृतमहोत्सवानिमित्त संस्थापकांपैकी एकाचा पुतळा चौकात उभारावा, निम्मा खर्च वर्गणीतून व निम्मा महानगरपालिकेच्या अनुदानातून करावा, असा प्रस्ताव सभेपुढे आला आहे. त्या सभेत पुतळा किती फुटांचा असावा यावर पाऊण तास चर्चा झाली. तो कोणत्या शिल्पकाराने करावा हा विषय पाच मिनिटांत संपला, किंबहुना निघालाच नाही. करदात्यांच्या पैशातून मोठ्या खर्चाची कला उभारावी काय, हा प्रश्न आपल्याला वाटतो तितका दूरचा नाही.

प्रथम भाच्याचा आक्षेप घेऊ. तो प्रामाणिक आहे, परंतु शासकीय अर्थव्यवहार ज्याने जवळून पाहिला आहे त्याला त्यातील कच्चा दुवा लगेच दिसतो. पुतळ्यावर न खर्चलेला रुपया आपोआप शाळेच्या फळ्यापर्यंत पोहोचत नाही. शिक्षण, आरोग्य, पर्यटन, बांधकाम यांची लेखाशीर्षे निराळी असतात आणि एका शीर्षाखालील बचत दुसऱ्याकडे वळावयाची तर त्यासाठी राजकीय इच्छा लागते. ज्या शासनाला शाळा बांधावयाच्या असतात ते पुतळा उभारूनही बांधते. ज्याला नसतात ते पुतळा न उभारताही बांधत नाही. शिवाय हाच न्याय सर्वत्र लावला तर अजिंठ्याच्या एकाही लेण्याला मंजुरी मिळाली नसती. भुकेलेला माणूस शिल्लक असेपर्यंत कलेवर खर्च नको, असे म्हणणारा समाज कलेवर कधीच खर्च करू शकणार नाही.

मेहुण्यांचा युक्तिवाद अधिक व्यवहारी वाटतो, पण कलेच्या दृष्टीने तो अधिक घातक आहे. तिकिटांची वसुली हीच कसोटी मानली तर जलक्रीडेचे उद्यान हे कीर्तिमंदिरापेक्षा श्रेष्ठ ठरेल. पर्यटनाचा लाभ हा पर्यटन विभागाच्या अहवालाचा विषय आहे. तो खरा असू शकतो, स्वागतार्हही असू शकतो; परंतु त्यातून मूर्तीविषयी काहीच सिद्ध होत नाही. दोघेही पुतळ्याकडे न पाहता त्याच्या किमतीकडे पाहत होते. म्हणून आधी किंमत समजून घेऊ आणि मग मूर्तीकडे वळू.

३१ ऑक्टोबर २०१३ रोजी केवडियाच्या स्मारकाची पायाभरणी झाली व बरोबर पाच वर्षांनी, ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी, लोकार्पण झाले. मूर्तीची उंची १८२ मीटर. गुजरात विधानसभेच्या जागाही तितक्याच. बांधकामाचे कंत्राट २,९८९ कोटी रुपयांचे होते. वृत्तपत्रांतून त्याची जी फोड प्रसिद्ध झाली तीनुसार मुख्य पुतळ्यासाठी १,३४७ कोटी, प्रदर्शन दालन व सभागृहासाठी २३५ कोटी, पुलासाठी ८३ कोटी आणि पुढील पंधरा वर्षांच्या देखभालीसाठी ६५७ कोटी रुपये होते. यातील शेवटच्या आकड्याकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. आपल्याकडे स्मारकांच्या अंदाजपत्रकात उद्घाटनाच्या मंडपाची तरतूद असते, देखभालीची नसते. येथे ती आरंभीच केली गेली, हे श्रेय निःसंकोच दिले पाहिजे. मात्र त्याच फोडीत शिल्पकाराच्या कामाचे स्वतंत्र शीर्षक कोठे दिसत नाही, हेही नोंदवावे लागते.

पैसा मुख्यतः गुजरात शासनाचा होता. केंद्राने २०१४ च्या अर्थसंकल्पात २०० कोटी ठेवले, तर सार्वजनिक क्षेत्रातील पाच तेल कंपन्यांनी आपल्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून मिळून १४६.८३ कोटी दिले. यावर भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१८ च्या अहवालात आक्षेप घेतला, तो असा की ही मूर्ती वारसा-वास्तू नसल्यामुळे हा खर्च त्या निधीतून करता येत नाही. आक्षेप योग्यच होता. परंतु लेखापरीक्षणाची मर्यादाही यातून दिसते. पैसा कोणत्या शीर्षातून गेला एवढेच ते विचारू शकते. जे घडले ते पाहण्याजोगे आहे काय, हे विचारण्याची मुभा त्याला नाही. तो प्रश्न नागरिकाने आणि समीक्षकाने विचारावयाचा असतो.

तर आता मूर्तीकडे पाहू. तिचे शिल्पकार राम सुतार हे १९२५ साली धुळे जिल्ह्यातील गोंदूर या खेड्यात जन्मले, मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकले आणि १९५० च्या दशकात पुरातत्त्व खात्यात असताना अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या दुरुस्तीचे काम त्यांनी केले. मराठी माणूस म्हणून आपल्याला त्यांचा अभिमान वाटणे साहजिक आहे. पण अभिमानाची फेड स्तुतीने न करता निरीक्षणाने करावी, असे मला वाटते.

सुतारांनी सरदारांची जी प्रतिमा कल्पिली ती मुळात संयमाची आहे. उगारलेला हात नाही, रोखलेले बोट नाही, वक्तृत्वाचा आविर्भाव नाही. दोन्ही हात सहज खाली सोडलेले, खांद्यावर शाल, अंगात साधे जाकीट, धोतर, पायांत वहाणा, आणि चालता चालता क्षणभर थांबलेला एक वृद्ध शेतकरी वाटावा असा देह. चेहऱ्यावरील रेषांत कठोरपणा आहे, पण दर्प नाही. हे सारे प्रथम मातीत आणि लहान आकाराच्या नमुन्यात घडले तेव्हा ते उत्तम व्यक्तिशिल्प होते यात मला संशय नाही.

प्रश्न निर्माण होतो तो उंचीने. १८२ मीटर उंचीवर ही मूर्ती हाताने घडत नाही. आत काँक्रीटचा गाभा उभा राहतो आणि बाहेरून ब्राँझचे पत्रे बसवले जातात, जे या बाबतीत चीनमध्ये ओतले गेले. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे काम विलक्षण आहे. नदीपात्रातील वारा, भूकंप, तोल यांचा विचार करून इतक्या अल्पावधीत ते पुरे करणाऱ्या अभियंत्यांना व कामगारांना नमस्कारच केला पाहिजे. परंतु पाहणाऱ्याच्या वाट्याला काय येते? पायथ्याशी उभे राहिले की दिसतात त्या वहाणा आणि धोतराच्या निऱ्या. ज्या चेहऱ्यात शिल्पकाराने आपले सर्वस्व ओतले, तो हनुवटीखालून आखूड होऊन दिसतो. छातीच्या उंचीवरील दालनात लिफ्टने चढून गेले की नर्मदेचे पात्र आणि धरण दिसते, पण मूर्ती दिसतच नाही, कारण आपण तिच्या पोटात असतो. चेहरा नीट पाहावयाचा तर बरेच मागे जावे लागते, आणि तेथून त्या मुद्रेतील बारकावे विरून जातात. आमच्या गाडीतील चारही जणांनी उंचीचे वर्णन केले. सरदारांच्या मुद्रेविषयी एकही शब्द कोणी काढला नाही. हा दोष पाहणाऱ्यांचा नव्हे.

येथे मला त्याच शिल्पकाराची दुसरी एक मूर्ती आठवते. इंदूरला नात्यागोत्याच्या निमित्ताने जाणे-येणे असल्यामुळे पुष्कळ वर्षांपूर्वी मंदसौर जिल्ह्यातील गांधीसागर धरण पाहण्याचा योग आला होता. चंबळेवरील हे धरण १९६० मध्ये पूर्ण झाले. तेथे सुतारांनी काँक्रीटच्या एकाच अखंड ठोकळ्यातून चंबळमाता कोरली आहे. उंची ४५ फूट, म्हणजे केवडियाची मूर्ती तिच्या सुमारे तेरापट भरते. नदी ही आई आणि तिच्याजवळची दोन मुले म्हणजे मध्य प्रदेश व राजस्थान, अशी ती कल्पना आहे. एका नदीचे पाणी दोन राज्यांनी भावंडांप्रमाणे वाटून घ्यावे, हा करारमदारातला रुक्ष आशय त्या तरुण शिल्पकाराने आई आणि लेकरे या, खेड्यातील कोणाही बाईला समजेल अशा नात्यात बसवला. मूर्ती भव्य आहे, परंतु मान वर करून पाहिली असता चेहरा दिसतो आणि डोळ्यांना छिन्नीचा हात जाणवतो. माझ्याबरोबर तेव्हा माझी आई होती. फलक वाचण्यापूर्वीच ती म्हणाली, "दोन लेकरांची आई दिसते ही." सार्वजनिक कलेला याहून मोठे प्रशस्तिपत्र मिळत असेल असे मला वाटत नाही.

दोन्ही मूर्ती धरणांजवळच्या, दोन्ही सार्वजनिक पैशाच्या आणि दोन्ही एकाच हाताच्या. म्हणूनच त्यांची तुलना न्याय्य ठरते. पहिलीत खर्च आशयावर आणि हातकामावर झाला. दुसरीत त्याचा फार मोठा हिस्सा उंचीवर झाला. उंचीवरचा खर्च हा कलेवरचा खर्च नव्हे, तो स्थापत्याचा, प्रतिष्ठेचा, फार तर पर्यटनाचा खर्च असतो. तो करावयाचा की नाही हे शासनाने जरूर ठरवावे, पण तो कलेच्या नावावर टाकू नये. आणि त्या रकमेकडे बोट दाखवून कोणी "कलेवर एवढा खर्च कशाला" असे म्हणू लागला तर त्याला सांगावे की कलेवर एवढा खर्च झालेलाच नाही.

केवडियाच्या जमाखर्चात आणखी एक बाजू आहे आणि ती करदात्यांची नाही. केवडिया, कोठी, वाघोडिया, लिमडी, नवागाम व गोरा या सहा गावांतील आदिवासींच्या जमिनी १९६१-६२ च्या सुमारास धरण प्रकल्पासाठी घेतल्या गेल्या. त्यांच्या तक्रारी अर्धशतकाहून जुन्या आहेत आणि लोकार्पणाच्या दिवशीही तेथे निषेध झाला होता. आपण कराच्या रूपाने जे दिले त्याचा हिशेब मागतो. ज्यांनी जमीन दिली त्यांचा हिशेब कोणत्याही तिकिटाच्या पाठीमागे छापलेला नसतो. स्मारकाचे मूल्यमापन करताना ही रक्कम वजा करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

आता थोडे आत्मपरीक्षण करावे लागते, कारण मोठ्या पुतळ्यांना नावे ठेवणे सोपे असते. सेवेत असताना एका तालुक्याच्या गावी स्थानिक समाजसेवकाच्या पुतळ्यासाठी अनुदानाचा प्रस्ताव माझ्याकडे आला. दरसूचीत सिमेंटचा दर होता, सळईचा होता, चबुतऱ्यावरील फरशीचा होता. मुखावरील भावाचा दर कोणत्याही सूचीत नसतो. तीन निविदा आल्या. दर फुटांवर होते. नियमानुसार सर्वांत कमी दराची निविदा मंजूर झाली. मातीचा नमुना पाहावयास कोणी गेले नाही, छायाचित्रावर मान्यता दिली गेली. अनावरणाच्या दिवशी पडदा दूर झाला तेव्हा त्या गृहस्थांची नात माझ्या शेजारी बसली होती. ती हळूच म्हणाली, "आमचे आजोबा असे नव्हते हो दिसत." लेखापरीक्षणात त्या नस्तीवर एकही आक्षेप निघाला नाही. प्रक्रिया निर्दोष होती. खर्च लहान होता, परंतु तो पूर्णपणे वाया गेला होता आणि त्या नस्तीवर माझी सही आहे. केवडियाच्या हजारो कोटींविषयी बोलताना ती लहान रक्कम मला नेहमी आठवते.

स्वस्त आणि घाईचा पुतळा किती महाग पडतो याचे दुःखद उदाहरण महाराष्ट्राने नुकतेच पाहिले. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिनेही पुरे होण्याआधी, तो कोसळला. समुद्राचा खारा वारा आणि पावसाळा हे कोकणात अनपेक्षित संकट नव्हे. मुहूर्त आधी ठरला आणि कामाला त्या मुहूर्ताच्या मापात बसावे लागले की काय होते, ते येथे दिसले. पुढे २०२५ मध्ये त्याच जागी नवा, अधिक उंच पुतळा उभा राहिला. जनतेने एका जागेसाठी दोनदा पैसे मोजले, आणि पैशाहून अधिक म्हणजे ज्या नावापुढे मराठी माणूस नतमस्तक होतो त्या नावाची झालेली अवहेलना पाहिली. याच्या उलट विनायक पांडुरंग करमरकरांनी घडवलेला पुण्याचा अश्वारूढ शिवाजी १९२८ मध्ये उभा राहिला तो आजही ताठ उभा आहे. त्याच्या पायाभरणीपासून अनावरणापर्यंत सुमारे सात वर्षे गेली होती.

आपल्या बडोद्याकडे पाहिले तर हा विषय अधिक स्पष्ट होतो. काळा घोडा म्हणून आपण ज्याला ओळखतो तो सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा फ्रान्सिस डर्वेंट वुड या नामांकित इंग्रज शिल्पकाराचा आहे. १९३६ च्या कीर्तिमंदिरात शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांनी १९३९ ते १९४६ या काळात चार भिंती रंगवल्या. गंगावतरण, मीरेचे जीवन, महाभारतयुद्ध आणि नटीर पूजा हे त्यांचे विषय. संस्थानात खासगी व दिवाणी खर्च वेगळे ठेवण्याची रीत असली तरी दोहोंचा उगम रयतेच्या साऱ्यातच होता. मेहसाणा आणि नवसारीच्या शेतकऱ्याला कोणी विचारले नव्हते की तुझ्या साऱ्यातून भिंती रंगवू काय. ही गोष्ट झाकून सयाजीरावांचे गोडवे गाणे मला योग्य वाटत नाही. परंतु त्या व्यवहारात तीन गोष्टी होत्या. निवड करणारा माणूस नावाने ओळखला जात होता व यशापयश त्याच्या माथी येणार होते. देशातील एका श्रेष्ठ चित्रकाराकडे काम सोपवले गेले, फुटांच्या दरावर ते काढले गेले नाही. आणि त्या चित्रकाराला वेळ दिला गेला. १९३९ मध्ये महाराज निवर्तले तरी काम थांबले नाही.

राजा गेला, ते उचितच झाले. पण राजाच्या रसिकतेची जागा घेईल अशी व्यवस्था आपण निर्माण केली नाही. ज्या शहरात १९५० पासून ललित कला विद्याशाखा आहे, जेथे इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे अध्यापन करीत होते, त्या शहराने तरी चौकातील प्रत्येक कामासाठी या विद्येचा उपयोग करून घ्यावयास हवा. लोकशाहीत हे अशक्य नाही. दिल्लीच्या रिझर्व्ह बँकेच्या दारावरील यक्ष-यक्षी हे त्याचे उदाहरण. तेथे समितीने कलावंतांकडून नमुने मागवले, रामकिंकर बैज यांची निवड केली आणि काम पुरे होण्यास दीर्घ काळ लागला तो सोसला. यक्षीच्या विवस्त्रतेवरून संसदेत टीका झाली, तीही सोसली. आज त्या मूर्तींशिवाय ते दार कल्पिता येत नाही.

तेव्हा भाच्याला आणि मेहुण्यांना माझे उत्तर असे. सार्वजनिक कलेवर करदात्यांचा पैसा अवश्य खर्च व्हावा, वेळप्रसंगी मोठाही व्हावा. मात्र तो शिल्पकाराच्या निवडीवर, त्याला लागणाऱ्या वेळेवर आणि मूर्तीच्या पुढील जपणुकीवर व्हावा. या कसोटीवर केवडिया देखभालीच्या बाबतीत उत्तीर्ण आहे, शिल्पकाराच्या निवडीतही उत्तीर्ण आहे. परंतु ज्या उंचीने तिला जगभर नाव दिले त्याच उंचीने शिल्पकाराचे सर्वोत्तम काम प्रेक्षकाच्या दृष्टीपलीकडे नेले. गांधीसागरची चंबळमाता मला अधिक मोलाची वाटते. तिच्यासाठी खर्चलेले बहुतेक सारे पाहणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत पोहोचते.

आपल्या मंडळाच्या प्रस्तावाला माझा विरोध नाही. एवढीच विनंती आहे की फुटांचा विषय तूर्त बाजूला ठेवावा. अर्धपुतळा चालेल. विद्याशाखेतील जाणकारांपैकी दोघांना समितीत घ्यावे, दोन-तीन शिल्पकारांकडून मातीचे नमुने मानधन देऊन मागवावेत, आणि ज्यांनी संस्थापकांना प्रत्यक्ष पाहिले आहे अशा आपल्यातील तीन-चार वयोवृद्धांना तो नमुना ओतकामापूर्वी दाखवावा. वर्गणीतील काही रक्कम देखभालीसाठी ठेव म्हणून बाजूला काढावी. यासाठी अमृतमहोत्सवाचा मुहूर्त चुकला तरी चालेल. अनावरणाच्या दिवशी त्यांच्या नातवंडांपैकी कोणी शेजाऱ्याच्या कानात "आमचे आजोबा असे नव्हते" असे म्हणू नये, एवढी काळजी आपण सर्वांनी मिळून घेऊ शकतो.